होडीचा दुखवटा

मी होडी बोलतेय. मला कोणी काठावरून पाण्यात लोटलं नाही. मी आभाळातून पडले. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, म्हणून हे आधीच सांगते.

दुसऱ्या महायुद्धात विमानं समुद्रात कोसळत. त्यातली माणसं लाटांवर तरंगत असत आणि जहाजं लांब असत. अशांसाठी आम्हाला बांधलं. विमानाच्या पोटाखाली बांधून न्यायचं आणि बुडणाऱ्यांजवळ हवाई छत्र्यांनी खाली सोडायचं. म्हणून माझं अंग हलकं. पातळ फळ्यांचे दोन थर, मध्ये तेलात भिजवलेलं कापड. पोहून येणाऱ्याला धरता यावेत म्हणून दोन्ही कडांना दोर. पोटात गोडं पाणी, बिस्किटं, कोरडे कपडे.

मला एकदाच सोडलं. अरबी समुद्रावर, ढगाळ हवेत. खाली तीन माणसं होती. वारा मला त्यांच्यापासून दूर नेत होता. एकाने हात वर केला होता. आत वल्हवणारं कोणी असल्याशिवाय होडीला वाऱ्याविरुद्ध जाता येत नाही. पुढे एका जहाजाने मला ओढून मुंबईला आणलं, तेव्हा पोटातल्या कपड्यांची घडीही मोडली नव्हती.

युद्ध संपलं. मी तीसेक वर्षं बंदरातल्या गोदामात पडून राहिले, मग भंगारात गेले. तिथून मला इंदापूरकडच्या हिंदुरावने उचललं. उजनी धरणाचं पाणी नुकतंच चढलं होतं, त्याचं गाव पाण्याखाली गेलं होतं. मुंबईला साखर उतरवून परतणाऱ्या ट्रकमध्ये घालून त्याने मला आणलं, तेव्हा लोक हसले.

"शेतकऱ्यानं नांगर आणावा, तर ह्यानं होडी आणली!"

"रान पाण्यात गेलं," हिंदुराव म्हणाला. "आता नांगर काय माशांवर चालवू?"

तो माझ्यातून मासे धरी, माणसं पलीकडे सोडी. जुन्या गावावरून जाताना मात्र वल्हं थांबवी. "हितं म्हस्कूतात्याचं जोतं. हितं आमचा उंबरा," असं खालच्या पाण्याकडे बघत पुटपुटे. मीही कान देई. समुद्रातले ते तिघे मला तिथेच कुठेतरी आहेत असं वाटे.

एका उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि बुडालेल्या देवळाच्या शिखराला धडकून माझी उजवी बाजू फुटली. हिंदुरावने तिथे बाभळीची फळी ठोकली, जड आणि ओबडधोबड. पुढे तो तिलाच टेकून बसू लागला.

खंडेनवमीला घरोघरी अवजारं, ट्रॅक्टर धुऊन पुजतात. हिंदुराव मला पालथी घाली, फटींत सूत भरी, डांबर लावी. मग त्याची बायको बनाबाई हळदकुंकू वाही. तिच्या लेखी तो सण होता. माझ्यासाठी ती वर्षाची दुरुस्ती होती.

गेल्या वर्षी भर दुपारी जाळं ओढताना हिंदुराव छाती धरून त्या फळीवर कलंडला. पाण्यावर आम्ही दोघंच होतो. तो बराच वेळ जिवंत होता. वल्हं त्याच्या हाताशी होतं.

घरात दुखवटा आला. वर्षभर सण धरायचा नाही. खंडेनवमी तशीच गेली, कोणी मला हात लावला नाही. उन्हाने फळ्या सुकल्या, फटी उघडल्या. बनाबाईने नवऱ्याचं दुःख पाळलं, त्यात मी वाळत गेले; तिला ते कळायचं कारणच नव्हतं.

शेजारचा कुंडलिक येता-जाता म्हणे, "वैनी, पेटवून द्या ती पांढऱ्या पायाची होडी."

"पाय तरी हायत का रं तिला?" बनाबाई म्हणे. पण मग पदराने तोंड पुसत राही.

यंदा बारामतीहून राजलक्ष्मी मॅडम आल्या. कॉलेजात इतिहास शिकवतात, आणि युद्धातल्या अशा होड्या कुठे उरल्यात का ते शोधत फिरतात. त्यांनी माझ्या उघड्या फटीत बोट घालून मधलं कापड चाचपलं आणि तिथेच मातीत बसल्या. मग सगळं सांगितलं.

"म्हंजी ही इमानातनं पडली?" बनाबाई म्हणाली. "अगं बया! आन् आमी हिला चिलापी मासं वाहायला लावलं!"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मावशी, हिला नेऊ आणि युद्धात होती तशी करू. डांबर खरवडू, ही बाभळीची फळी काढू..."

बनाबाईने फळीवर हात ठेवला. "ही न्हाय काढायची."

"पण ती मूळची नाही."

"तुमचा इतिहास लढाई संपली तितं संपतो, बाई. माझं माणूस हितं गेलं. त्याला कुठं बसवू?"

तिचा मुलगा यशराज हळूच म्हणाला, "आई, हितं ऱ्हायली तर होडी बी जाईल आन् फळी बी."

ते खरं होतं. मग बनाबाईने मॅडमना विचारलं, "हिचं मूळ तुमीच सांगितलं, म्हंजी तुमी हिच्या माहेरच्या न्हवं? आमच्यात दुखवटा माहेरचं माणूस काढतं. नवं लुगडं, गोड घास. माझा माझ्या भावानं काढला. हिचा कुणी काढला न्हाय. तुमी काढा, मग न्या."

खंडेनवमीला मॅडम आल्या. नवं कोरं कापड माझ्यावर पांघरलं, माझ्या पुढ्यात पुरणाचा घास ठेवला.

"डांबर नाही लावत, मावशी. जवसाचं तेल पाजते."

"पाज की. तुझं माहेर, तुझी रीत."

मॅडम तेल चोळत उजव्या बाजूला आल्या आणि थांबल्या. बाभळीवर एका जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं, माणसाच्या पाठीएवढं. त्यांनी तिथे दुप्पट तेल पाजलं. "ही राहील," एवढंच म्हणाल्या. बनाबाईने मान हलवली आणि वळून घराकडे गेली. मला ट्रकवर चढवताना ती बाहेर आली नाही.

आता मी बारामतीकडच्या कन्हेरीजवळ एका शेडमध्ये लाकडी टेकूंवर उभी आहे. पाणी इथून लांब आहे. मुलं येतात, विमानाचं चित्र बघतात, माझ्या कडेवर हात ठेवून फोटो काढतात. तुम्हीही या. फक्त उजवीकडे टेकू नका. भर दुपारी तिथे अजून वजन येतं, आणि खाली पाणी नसतानाही मी त्या बाजूला कलते. तेवढी जागा मोकळी सोडा.