मेणाखालचा चेहरा

भिंतींवर चेहरे उगवायला लागले, तेव्हा ते कोण काढतंय हे गल्लीत कुणालाच कळेना. पत्रं वाटणाऱ्या बाईंचा चेहरा विजेच्या पेटीवर, चांभाराचा त्याच्याच बाकामागे, बेकरीवाल्याचा धुराड्याच्या बुडाशी. ते काढत होती लाँड्रीत इस्त्री करणारी. भर दुपारी, पिवळं जाकीट, हेल्मेट आणि तोंडाला फडकं बांधून ती शिडीवर चढायची. जाकीटवाल्याला कुणी काही विचारत नाही, हा तिचा अनुभव. घरी गच्चीत बरण्या होत्या: चुना, विटेची पूड, लोखंडाचा कीस, चहाचा चोथा, मेण, राळ. काय कशात कालवलं की किती टिकतं, हे ती भिंतीवरच करून बघायची. नाव तिला नको होतं. नाव कळलं की लोक चेहरे सोडून तिच्याकडे बघतील, एवढंच तिचं म्हणणं.

तिच्या धाकट्या भावाचं चौकात पाट्या रंगवायचं दुकान होतं. हे तुमचंच काम ना, असं एका गिऱ्हाइकानं विचारल्यावर तो नुसता हसला. पुढच्या वेळी सरळ हो म्हणाला. भाऊ मोठा कलाकार निघाला हो, असं इस्त्रीला कपडे टाकायला आलेल्या शेजारणीनं कौतुकानं सांगितलं, तेव्हा तिला कळलं. दुपारी ती दुकानात गेली.

"ताई, तुला नाव नकोच होतं," तो म्हणाला. "पडून होतं, मी उचललं."

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." आणि तो ब्रश धुवायला लागला.

ती भांडली नाही. भांडण आईपर्यंत गेलं असतं, आईनं धाकट्याची बाजू घेतली असती आणि विषय मिटला असता. तिला तो मिटवायचा नव्हता.

वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीची डागडुजी चालली होती, पुढे ताडपत्री होती. त्या आडोशाला तिनं चुन्यातल्या रंगात एक चित्र काढलं आणि ते पुरतं वाळू दिलं. त्यावर मेण आणि राळ वितळवून केलेल्या रंगाचा जाड थर दिला आणि त्या थरावर ग्रंथपालबाईंचा चेहरा काढला, प्रेमळ, चष्म्यासकट. भावाची सवय तिला ठाऊक होती. कुठलंही काम झालं की तो टर्पेंटाइनच्या फडक्यानं रगडून पुसायचा आणि मग वॉर्निश मारायचा. त्याशिवाय काम पुरं झालं असं त्याला वाटायचंच नाही.

ताडपत्री निघाली. ग्रंथपालबाई हरखल्या, त्यांनी भावाचा सत्कार ठरवला. चित्र टिकेल ना, एवढीच त्यांना काळजी होती. त्यात काय, सगळ्यांसमोर वॉर्निश मारतो, असं त्यानंच सुचवलं.

सत्काराला सगळी गल्ली जमली. आई पुढच्या खुर्चीत, ती मागे उभी. त्यानं बाह्या सरसावल्या, फडकं भिजवलं आणि झोकात फिरवलं. टर्पेंटाइननं मेण विरघळलं आणि बाईंचा चष्मा फडक्यात आला. तो घाबरला आणि आणखी जोरात पुसायला लागला. ओघळ थांबले तेव्हा भिंतीवर तो स्वतः होता. गाल टम्म फुगलेले. ओठांतून पत्रवाल्या बाईंचा कान लोंबत होता, दातांखाली चांभार होता, हनुवटीवर बेकरीवाल्याची मिशी चिकटलेली.

पहिला चांभार हसला. मग हसू आवरेना कुणाला. आई मात्र हसली नाही.

"तुमचंच काम ना हे?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. त्याही गंभीर होत्या.

हो म्हणावं तर हे तोंड आपणच काढलं असं होतं, नाही म्हणावं तर आजवरचं सगळं खोटं. त्यानं गर्दीत बहिणीला शोधलं.

"ताईचं आहे," तो म्हणाला. "सगळंच ताईचं आहे. ताई, सांग ना यांना."

सगळ्या माना मागे वळल्या. तिला हवी होती ती कबुली आयती समोर आली होती, सगळ्यांच्या देखत, त्याच्याच तोंडून.

"माझं?" ती म्हणाली. "मी इस्त्री करते. घाबरलाय बिचारा, काहीही बोलतोय."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि हार पुन्हा पिशवीत ठेवला. ती आईला हाताला धरून घरी घेऊन गेली. भाऊ फडकं हातात धरून त्या भिंतीपाशीच उभा राहिला.