उतरलेला भार

मी रोहित्र बोलतोय. नाव भारदस्त, पण लोक मला नुसतं डीपी म्हणतात. कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर मला चढवलं, तेव्हा समोर एकच पत्र्याची शेड होती. आमच्या वायरमनच्या धाकट्या बहिणीची. ती प्लास्टिकची झाकणं बनवायची.

तिच्या पाठोपाठ लेथवाले आले, यंत्रमागवाले आले, बर्फाचा कारखाना आला. चहाची टपरी लागली, भाड्याच्या खोल्या उठल्या. भार वाढला की मी तापायचो, घूं घूं करायचो. वायरमन हसून म्हणायचा, "बोंबल लेका! तू बोंबलतोस म्हणून गल्ली जेवते."

मग वीज पुरेनाशी झाली. वरून हुकूम आला, भर दुपारी या गल्लीची वीज तोडायची. खटका ओढायचं काम वायरमनच्या नशिबी आलं.

बहीण धावत आली. "दादा, थोडा थांब रे! मशीनमध्ये माल वितळलाय. आतच थिजेल."

पहिल्या वेळी तो थांबला, आणि त्याला नोटीस आली. पुढच्या वेळी त्यानं तिच्याकडे बघितलंच नाही. खटका ओढला. ती छिन्नी-हातोडी घेऊन थिजलेलं प्लास्टिक फोडत बसली. मग ते रोजचंच झालं.

शेवटी दारात ट्रक लागला. लांब कुठे अखंड वीज मिळत होती, तिकडे ती निघाली. मशीन चढवायला भाऊच आला.

"राग धरू नकोस गं."

"तुझ्यावर कसला राग, दादा? पण यांना काय सांगू?"

कामावरच्या बायका फाटकाशी डबे घेऊन उभ्या होत्या. तो मशीनला बांधलेला दोर आवळत राहिला.

हळूहळू बर्फवाला गेला, लेथ गेले. टपरी कधी उठली, कळलंही नाही.

परवा साहेब पाहुण्यांना घेऊन आले. "या भागानं विजेचा वापर निम्म्यावर आणला," ते कौतुकानं म्हणाले. टाळ्या वाजल्या. वायरमनच्या हातात पुष्पगुच्छ दिला. फोटोवाला म्हणाला, "काका, हसा की!" काका हसले. सगळे गेल्यावर त्यांनी तो गुच्छ बहिणीच्या बंद शेडच्या कडीत खोचला.

आता मी गार पडलोय. उद्या मला उतरवून नेणार आहेत. बाबांनो, विजेचा आकडा खाली आला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी एक करा. गल्लीत शिरा, एखादं दार वाजवा. कुणी उघडतंय का, ते बघा.