क्लचदादांचे चकचकीत नट

"चाकाला पाच नट असतात, मामंजी. पाच! हाताला बोटं किती? तितके!"

सुनेनं पाना अंगणात असा आपटला की कोंबड्या कुंपण ओलांडून शेजारच्या अंगणात गेल्या. क्लचदादा ओट्यावर बसून चहा पीत होते आणि त्यांचा डावा पाय नेहमीसारखा खालीवर होत होता. तीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला आणि चावी सुनेच्या हाती गेली, पण ही बातमी पायापर्यंत काही पोचली नाही. जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा तो क्लच दाबायचा. म्हणून गाव त्यांना क्लचदादा म्हणे, आणि घरची म्हातारी म्हणे, "जन्म गेला, पण हा माणूस न्यूट्रलमध्ये झोपलेला मी पाहिला नाही."

"चार आहेत ना?" दादा म्हणाले.

"तीन चाकांना चार. मागच्या डाव्याला तीन! तिसऱ्या वळणावर चाक टकटक करायला लागलं. मागं दुधाचे आठ कॅन, शेजारी वाडीच्या दोन म्हाताऱ्या आणि उजव्या अंगाला दरी. त्यातली एक म्हातारी मला विचारते, 'बाई, टाळ्या कोण वाजवतंय?'"

घरची म्हातारी चुलीपुढं फसकन हसली. दादांनी तिच्याकडं डोळे वटारले.

आता हे नट गेले कुठं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावात कुणाला काही जड, लोखंडी, मुठीत मावेल असं लागलं की तो दादांकडं येई. दादा हौसेनं पाना काढत आणि चाकाचा एक नट सोडून त्याच्या हातावर ठेवत. "चार चाकाचे, पाचवा गावाचा," असं ते म्हणत, आणि तीस वर्षांत चाक सुटलं नाही याचा दाखला देत.

"तीस वर्षं मी याच घाटात..." त्यांनी सुरुवात केली.

"तीस वर्षं देव तुमच्या गाडीमागं पळत होता. आता तोही दमला असेल. वीसचे वीस नट नीट बसल्याशिवाय गाडी घाट उतरणार नाही."

ती आत गेली. दादांचा पाय थांबला. हे मोठं वाईट लक्षण होतं. पाऊस चार दिवस धरून होता. वाडीचा रस्ता म्हणजे नुसती लाल राड. पलीकडच्या टेम्पोवाल्याची मागची दोन चाकं त्या राडीत जागच्या जागी फिरत बसायची. चारही चाकांनी जोर लावणारी गाडी पंचक्रोशीत एकच, ती ही. आणि डेअरीवाल्यांनी गेल्याच महिन्यात बजावलं होतं, की लागोपाठ दोन दिवस दूध आलं नाही तर वाडीचा थांबाच बंद. दादांचा मुलगा वाडीत दूध गोळा करायला बसे. थांबा बंद झाला तर तो रिकामा, गाडी रिकामी आणि वाडीतली तीस घरं दूध घेऊन आ वासून बसणार.

पण सुनेचं म्हणणंही खोटं नव्हतं. दरीला कुणाची सून, कुणाची लेक, काही कळत नाही.

दादा उठले, छत्री घेतली आणि आठवड्याच्या बाजाराला गेले. दुपारी परत आले ते छाती काढूनच.

"सूनबाई, बाहेर ये! डोळे मिटून ये, नाहीतर दिपतील."

त्यांनी पिशवी ओट्यावर उलटी केली. वीस नट. तोंडं बंद, डोकी गोल, आणि असे चकचकीत की म्हातारीनं एक उचलून त्यात आपली टिकली नीट केली.

"दुकानदार म्हणाला, मोठ्या साहेबांच्या गाड्यांना हेच असतात."

"साहेबांच्या गाड्या आपल्या वाडीत येतात का?" सून म्हणाली. पण खाली बसली, एक नट मागच्या चाकाच्या बोल्टवर ठेवला आणि दोन बोटांनी फिरवला. नट सुरसुर आत गेला. दादांच्या मिशा वर झाल्या. मग त्यांनी स्वतः पाना लावला, पान्याला पाइप घातला आणि पाइपवर उभे राहिले. नट दगडासारखा बसला. असे पाचही बसवले.

"आता हलव! हलवून दाखव!"

सुनेनं जॅकवर उचललेलं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. टक. ढकललं. टक.

"हा आवाज जॅकचा," दादा म्हणाले.

"जॅकला सवय आहे वाटतं टाळ्यांची?"

ती आत गेली आणि पातेल्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन आली. एक नट काढला. नटाचं बूड निमुळतं होतं, गाजरासारखं. चाकाच्या भोकाची कड तशीच आत उतरती होती. एकानं दुसऱ्यात रुतून बसायचं, अशी ती रचना. तिनं नटाच्या बुडाला सगळीकडून काजळी फासली, नट पुन्हा पिळून घट्ट केला आणि परत काढला.

"बघा, मामंजी. डोळ्यांनी दिसत नसेल तर बोट लावून बघा."

दादांनी बोट लावलं. बोट काळं झालं. काजळी जशीच्या तशी होती. नट चाकाला शिवलासुद्धा नव्हता.

"मग तो घट्ट कुठं बसला?" त्यांनी हळूच विचारलं.

"टोपीत. या नटांची तोंडं बंद, आणि आपला बोल्ट लांब आहे. तो आतून टोपीला जाऊन टेकला आणि नट तिथंच अडला. चाक मोकळंच. लग्न लागलं, वऱ्हाड जेवलं आणि नवरी माहेरीच राहिली!"

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. दादा चाकापाशी बसून राहिले. पाइपवर उभं राहून कमावलेला सगळा मान त्या एका काळ्या बोटानं गेला होता. पण खरं सांगायचं तर त्यांना मानाचं तितकं वाटलं नाही. त्यांना दिसलं ते तिसरं वळण. सुनेनं ऐकलं असतं, हेच नट लावून ती सकाळी निघाली असती, आणि आपण इथं चहा पीत बसलो असतो.

"पोरी," ते म्हणाले, "गावातले परत आणतो."

पावसाची झड अंगावर घेत दादा घरोघर फिरले. न्हाव्यानं नट दुकानाच्या पडद्याला खाली बांधला होता, वाऱ्यानं पडदा उडू नये म्हणून.

"दादा, दिलेलं दान परत मागतात का?"

"दान नव्हतं ते. माझा मूर्खपणा होता. तोच परत नेतोय."

"मग पडद्याला काय बांधू?"

"तुझी जीभ बांध. तिच्याइतकं जड गावात काही नाही."

गवंड्यानं तर नटाचा ओळंबाच केला होता. तो अर्ध्या भिंतीवर उभा होता.

"ओळंबा गेला तर भिंत वाकडी होईल, दादा!"

"भिंत वाकडी झाली तर लोक तुला हसतील. गाडी वाकडी झाली तर मला रडावं लागेल. सोड तो खाली."

मास्तरांच्या टेबलावर कागदांवर एक निघाला, लोहाराकडं ऐरणीखाली टेकू म्हणून एक, आणि शेजारणीच्या दुधाच्या झाकणावर एक. शेजारीण म्हणाली, "घेऊन जा, पण माझ्या मांजरीला तुम्ही समजावून सांगा." असे पाच जमले. दादा भिजलेल्या कोंबड्यासारखे पण ताठ मानेनं घरी आले.

सुनेनं पाचही पुसून ओळीनं मांडले. गवंड्यानं दोरीसाठी नटाला आडवं भोक पाडलं होतं, तो बाद. लोहाराच्या नटाची कड ऐरणीखाली चेपली होती, तोही गेला. न्हाव्यानं पडद्याला शोभावा म्हणून हिरवा रंग दिला होता, तो आट्यांतसुद्धा भरला होता, म्हणून तोही बाजूला. मास्तरांचा आणि मांजरीचा मात्र बोटांनी तळापर्यंत गेले आणि काजळीचा ठसा चाकाच्या भोकात गोल, अखंड उमटला.

मग तिनं चाकांचे जुने पंधराही एकेक करून तपासले. दोघांचे आटे झिजले होते. ते तिनं बाजूला टाकले.

"म्हणजे पाच हवेत," दादांनी बोटांवर मोजलं.

"हाताला बोटं किती?" म्हातारी आतून ओरडली.

दुसऱ्या दिवशी वाडीचं दूध उतरलं नाही. पहिला खाडा पडला. दादा पहाटेच्या एसटीनं मोठ्या गावाला गेले. रुमालात एक चांगला नट, एक जुना बोल्ट आणि बुटाच्या पॉलिशच्या डबीत काजळी. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरपलीकडचा माणूस मोबाइलमध्ये बघत होता.

"कुठल्या गाडीचे?"

"गाडी सांगणार नाही. नट दाखवतो. याचा सख्खा भाऊ दे. चुलत नको."

माणसानं खोका पुढं सरकवला. दादांनी एक नट उचलून बोल्टवर लावला. दोन आट्यांत अडला.

"पान्यानं जाईल, आजोबा."

"पान्यानं तर मीसुद्धा तुझ्या शर्टात जाईन. बसणं वेगळं आणि कोंबणं वेगळं. दुसरा दे."

दुसऱ्याला सपाट बूड आणि खाली चकती होती. दादांनी तो परत ढकलला. "आमच्या चाकाचं भोक उतरतं आहे. याचं बूड ताटासारखं. ताट फुलपात्रात बसतं का?"

तिसरा बोल्टवर तळापर्यंत गेला आणि बोल्टचं टोक पलीकडून बाहेर डोकावलं. त्याच्या बुडाचा उतार जुन्या नटाच्या उताराशी लावून दादांनी दोन्ही उजेडात धरले. स्वतःला नीट दिसेना, तेव्हा मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "तू बघ रे. मधून उजेड येतो का?" मग डबी उघडून भिंतीवर टांगलेल्या लोखंडी चाकाच्या भोकात नट दाबून फिरवला. ठसा गोल आला. चाक काळं झालं आणि दुकानदाराचं तोंडही.

"आजोबा, तुम्ही मेकॅनिक आहात का?"

"नाही. माझी सून आहे."

पाचही नट त्यांनी असेच एकेक करून तपासून घेतले. तोवर मागं सात गिऱ्हाइकं जमली होती आणि त्यातली दोघं आपले नट खिशातून काढून त्या डबीत बोट घालत होती.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच सून चाकांपाशी बसली. बोल्ट तारेच्या ब्रशनं साफ केले, काजळी पुसली. दादा तेलाची बाटली घेऊन आले, तर तिनं हात आडवा धरला. "कोरडेच बरे. तेल लावलं की पाना फसवतो. नट गरजेपेक्षा जास्त पिळला जातो आणि बोल्टवर ताण येतो." एक नट पिळला की शेजारचा सोडून समोरचा, असं तिनं घट्ट करत नेलं. पाइप दिसला नाही, कारण म्हातारीनं तो कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावला होता आणि काढू देत नव्हती.

"मी येतो," दादा म्हणाले.

"कशाला?"

"टाळ्या ऐकायला."

गाडी चारही चाकांनी राड उपसत वाडीला गेली. मुलानं कॅन चढवले, त्याच दोन म्हाताऱ्या चढल्या आणि गाडी घाटाला लागली. धुकं इतकं दाट होतं की दरी असून नसल्यासारखी. दादा डावा पाय दाबत, कान लावून बसले होते. तिसरं वळण आलं. काही वाजलं नाही. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "आज फारच शांत आहे बाई. गाडी नवीन घेतली का?"

घाट संपल्यावर सपाटीला सुनेनं गाडी थांबवली. "नवीन नट थोडं चालल्यावर बसतात. परत एकदा पाना फिरवायला हवा. तुम्ही बसा, मी..."

दादा उतरलेसुद्धा होते. गुडघ्यांवर चिखलात बसून त्यांनी एकेका नटाला पाना लावला. पहिलं चाक पक्कं. दुसरं, तिसरंही पक्कं. मागच्या डाव्या चाकाचा चौथा नट मात्र पाव फेरा फिरला.

दादांनी वर पाहिलं. हा सुनेनं स्वतःच्या हातानं पिळलेला होता. तीन दिवस काळ्या बोटाचं हसं झालं होतं, टोपीतली नवरी गावभर झाली होती, न्हावी तर आल्यागेल्याला सांगत होता. आणि आता हा पाव फेरा! म्हातारीपुढं जाऊन सांगायला, न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगायला वर्षभर पुरला असता.

"काही सैल आहे का, मामंजी?" सुनेनं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

दादांनी नट बेतानं आवळला, पाना विजारीला पुसला आणि उठून उभे राहिले.

"सगळे जागच्या जागी," ते म्हणाले. "चल पोरी, दूध थांबलंय."