पहिल्या सोमवारची रांग

"उत्तरात तारीख कधी घालू नकोस. तारीख घातलीस की त्याचं वचन होतं, आणि वचन काही फाइलीत मावत नाही."

माझे पहिले साहेब निवृत्त होताना एवढंच सांगून गेले. त्याला एकोणीस वर्षं झाली. सदनाचे सदस्य पंतप्रधानांना लेखी प्रश्न पाठवतात. आमची शाखा उत्तरांचे मसुदे करते, मी ते तपासून डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं घालते आणि मग ते सहीला जातात. आताच्या पंतप्रधानांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणतो. माझ्या मसुद्यांवर बाई समासात एक बारीक टिक करतात. टिक म्हणजे पसंती. चार वर्षं मी त्या खुणेवर सुखी होते.

मग टाचणी आली. अंगानं बारीक, बोलणं टोचरं, म्हणून शाखेनं हे नाव पाडलं. कागद कसा लावायचा, आकडे कुठून मागवायचे, सगळं मीच तिला शिकवलं. तिसऱ्याच आठवड्यात तिच्या मसुद्यावर बाईंनी लिहिलं, "छान! कुणी लिहिलं हे?"

छान. उद्गारचिन्हासकट.

त्या दिवसापासून सहीहून आलेला गठ्ठा मी उत्तरांसाठी उघडत नव्हते, समासांसाठी उघडत होते. तिची 'छान' मोजत होते. एका रविवारी दुपारी घरी भाजी करपली तेव्हा हे म्हणाले, "अगं, त्या पोरीनं तुझं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, "काही नाही." ते खोटंच होतं. रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना माझा एक नेम असतो: दिवसभरात खोटेपणा घडला, तर सूर्य मावळायच्या आत ज्याच्याशी घडला त्याच्यापाशी कबूल करायचा. तेवढ्यासाठी ताटावरून उठून मी ह्यांना सांगितलं, "मला तिचा मत्सर वाटतो." हे हसले नाहीत. भाजीही तक्रार न करता खाल्ली.

पण कबूल केल्यानं मत्सर जात नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात एक प्रश्न आला. एका दूरच्या गावच्या निवृत्तिवेतन कार्यालयात म्हाताऱ्यांना तासन्तास उभं राहावं लागतं, हे खरे आहे काय? असल्यास, सरकारने काय केले? नसल्यास, विलंबाची कारणे काय? खात्याचं उत्तर ठरलेलं: पहिल्याला 'नाही', पुढच्या दोन्हींना 'प्रश्न उद्भवत नाही'. टाचणीनं ते बाजूला ठेवून लिहिलं होतं: "पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी पंतप्रधान कार्यालयातील एक कर्मचारी त्या रांगेत स्वतः उभा राहील व सदनाला अहवाल देईल."

तारीख! मी लाल पेन्सिल उचलली. एक आडवी रेघ, काम संपलं असतं.

मी पेन्सिल खाली ठेवली. डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं घातली. पडू दे एकदा तोंडावर, मनात म्हटलं. मग कळेल बाईंनाही.

उत्तर छापून सदनात वाटलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सचिव शाखेत आले तेच कागद फडकवत.

"पंतप्रधानांचं कार्यालय आता रांगा लावायला जाणार? उद्या म्हणाल नळावर हंडे भरा! तपासलं कुणी हे?"

मी तोंड उघडायच्या आत टाचणी उभी राहिली. "ताईंकडून मीच घाईनं आद्याक्षरं घेतली, सर. त्यांना वाचूच दिलं नाही."

"मग उद्यापासून टपालात बसा. तिथे घाई चालते."

ती "हो सर" म्हणाली आणि ड्रॉवर रिकामा करायला लागली. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "ताई, तुमची लाल पेन्सिल माझ्याकडे राहिलीय. घ्या." मला गोड वाटलं होतं, टपालाचं ऐकून. दोन क्षण अगदी गोड. ती पेन्सिल हातात आली आणि तोंडात कडू सुटलं.

खिडकीत ऊन अजून होतं. मी टाचणीला म्हटलं, "मी ते वाचलं होतं. मुद्दाम राहू दिलं." तिच्या हातातला डबा तसाच राहिला. मी थांबले नाही. थेट बाईंच्या खोलीत गेले आणि तेच वाक्य तिथे पुन्हा म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला. "का?"

"तुम्ही तिला छान लिहिता. मला टिक करता."

बाईंनी चष्मा पुसला. "अहो, हे सहीला आलं त्या दिवशी साठ उत्तरं होती. घाईच्या दिवशी मी फक्त डावा कोपरा बघते. तुमची आद्याक्षरं दिसली की न वाचता सही करते. असं मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत करत नाही."

मला खाली बसावंसं वाटलं. पण बसा म्हणालं नव्हतं कुणी.

"आता मात्र वाचावं लागेल," बाई म्हणाल्या. "मुलगी शाखेतच राहील. आणि छापलंय माझ्या नावानं, तेव्हा कुणीतरी उभं राहायलाच हवं."

"मी जाते."

"अहवाल?"

"तिला लिहू दे. तिचं लिहिणं... बरं असतं."

"छान म्हणा की," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

"छान असतं," मी म्हटलं.

सोमवारी पहाटे दिवा लावला. टेबलावर टाचणीनं शुक्रवारी दिलेली पाण्याची बाटली होती. देताना ती इतकंच म्हणाली होती, "तिथे नळ नाहीये, चौकशी केली मी." हेही तिलाच सुचावं! क्षणभर वाटलं, ठेवून जावी. मग पिशवीत घातली.

हे उठून दाराशी आले. "घडीचं स्टूल ने गं, गुडघे दुखतील."

"मग रांग कशी कळायची?" मी म्हटलं, चपला घातल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.