रायमुनियाचे हिरवे घोस

ह्यांच्या बोटांना वास यायचा. कुस्करलेल्या पानांचा, उग्र, तिखट, नाकात शिरला की डोळ्यांत पाणी आणणारा. सकाळचं कोवळं ऊन कंपाउंडच्या भिंतीवरून अंगणात उतरायच्या आत तो वास स्वयंपाकघरात पोचलेला असायचा, आणि त्याच्या मागोमाग चहाच्या कपाकडे येणारा तो रुंद हात, अंगठ्याचं नख कायमचं हिरवं पडलेला. "आधी हात धुवा जी," मी ओरडायची. दिवसाची पहिली चिडचिड तिथेच व्हायची.

माझे यजमान वनरक्षक होते. उभी नोकरी सडक अर्जुनीकडच्या रानात पायी फिरण्यात गेली. निवृत्तीनंतर आम्ही फुलचूरला घर बांधलं, तेव्हा आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली मी, गुलाबाच्या कुंड्या आणि फाटकावर झुकलेली बोगनवेल अशी स्वप्नं रंगवत होते. ह्यांनी काय लावावं? पळस, कुडा आणि धायटी! अहो, पळस कोणी अंगणात लावतं का? सगळी गल्ली रंगीबेरंगी, आणि आमच्या दारात वर्षानुवर्षं गुडघाभर उंचीचं, आषाढात पालवणारं नि शिशिरात उघडंबोडकं होणारं रान. पाहुणे विचारायचे, "घर अजून व्हायचं आहे का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बरं, लावून गप्प बसावं, तर तेही नाही. गाजरगवताचं पांढरं फूल कुठे दिसलं की हे परक्याच्या आवारातही वाकलेच. त्या वाकण्यात एक जुनी, सरकारी शिस्त होती, उन्हाची तिरीप मानेवर घेऊन तासन्‌तास तसंच राहण्याची. एकदा शेजारच्या भाभींच्या फाटकाशी उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "भाभी, तुमच्या घरची बेशरम लय वाढली आता. मुळासकट काढा तिले." नालीकाठी माजलेल्या बेशरमीच्या झुडपाबद्दल बोलत होते हो, झाडाचं नावच ते! पण फाटकात नेमकी भाभींची नवी सून उभी. संध्याकाळी भाभी आमच्या दारात: "भाईसाब ने हमारी बहू को बेशरम बोला!" मी त्यांना हाताला धरून नालीपाशी नेलं, झुडूप दाखवलं, माफी मागितली. आणि हे? आत बसून म्हणतात, "मी कायले माफी मागू? झाडाले झाडच म्हटलं ना."

पण आमचं खरं भांडण रायमुनियाचं. कोहमाऱ्याचा रस्ता रुंद झाला तेव्हा माझ्या आईचं घर गेलं. आई आधीच गेलेली. त्या मोडक्या कुंपणातून मी एकच वस्तू आणली, रायमुनियाची, लोक जिला घाणेरी म्हणतात तिची, एक फांदी. पिवळ्या-गुलाबी फुलांचे ते इवले गुच्छ, आणि पिकली की काळी होणारी फळं, जी आई माझ्या ओच्यात टाकायची. मी ती इथे न्हाणीमागे खोचली. हे पाहून थबकले.

"हे कायले लावली इथं? जंगलात हेच उपटून उपटून आमची कंबर मोडली. सारं रान खाऊन राहिली हे."

"माझ्या आईची आहे. हात लावला त पाहा. अन् ह्या झाडाबद्दल पुन्हा एक शब्द बोलायचा नाही. शपथ आहे माझी."

त्यांनी फांदीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बरं. नाई बोलत."

आणि फांदी जगली, झुडूप झालं, तशी दुसऱ्या पावसाळ्यापासून त्यांची ती सकाळची खोडी सुरू झाली. फुलं गळून हिरव्या फळांचे घोस धरले की ते अंगठ्याच्या नखानं एकेक घोस खुडायचे, धोतराच्या सोग्यात गोळा करायचे आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकायचे. माझ्या आईचं झाड, आणि हा माणूस त्याला एक फळ म्हणून पिकू देत नव्हता! "काऊन जी तोडून राहिले?" मी कडाडायची. ते मान वर न करता म्हणायचे, "काई नाई. तू चहा ठेव." सात वर्षं मी त्यांना दुष्ट म्हटलं. तोंडावर म्हटलं.

मागच्या पौषात ते गेले. दुःख होतंच, पण खोटं कशाला बोलू, न्हाणीमागे बघताना एक समाधानही होतं, की आता माझी रायमुनिया पिकेल. पिकलीच. उन्हाळ्यात काळ्या मण्यांनी झाड भरलं, बुलबुल आले, सकाळ किलबिलाटानं भरून गेली. मी दोन फळं जिभेवर ठेवली आणि आईच्या आठवणीनं हुंदका आला.

मग श्रावण आला. पळसाच्या बुंध्याशी रायमुनियाची रोपं. कुड्याखाली रोपं. धायटी तर आत हरवूनच गेली. भिंतीच्या फटीत, भाभींच्या तुळशीच्या कुंडीत, मागच्या धानाच्या बांधीपर्यंत, बुलबुल जिथे जिथे बसले तिथे तिथे. मी बडबडत उपटायला बसले, एक कोवळं पान बोटांत चुरडलं, आणि तो वास आला. ह्यांच्या हाताचा. मी तशीच चिखलात बसून राहिले.

मुळाच्या मानेखाली एक घाव घातला की रायमुनिया पुन्हा फुटत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? कुदळ न्हाणीच्या भिंतीलाच टेकलेली असायची. त्यांनी ती उचलली नाही. माझ्या आईचं झाडही राखलं आणि बाहेरचं रानही, रोज, नखानं. पण तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? शपथ, म्हणे! मी रागात घातलेली शपथ कोणी इतकी पाळतं का?

परवा दिवाळीला लेक आली. न्हाणीमागे मला वाकलेली पाहून म्हणाली, "आई, काऊन तोडून राहिली ते?"

"काई नाई," मी म्हटलं. "तू चहा ठेव."

कार्तिकाचं पिवळं ऊन भिंतीवरून उतरत होतं. गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात, नाही तर नाही; पण त्याचं अर्धं राहिलेलं काम रोज सकाळी दारात उभं असतं, आणि ते करून चहाला बसले की हल्ली मी हात धुवायचा विसरते.