मनकर्णाबाईच्या पोटातली गाठ

अकोल्याच्या इस्पितळात मी कारकून होतो. दर साल नागपूरला सरकारात जाणाऱ्या वहीत रोगाचं नाव भरणं हे माझं काम. नियम असा, की ऑपरेशन झालं असेल तर नाव भरतीच्या कागदावरून घ्यायचं नाही. पोट उघडल्यावर डॉक्टरसाहेबांना काय दिसलं ते वाचून ठरवायचं.

हिवरखेडच्या मनकर्णाबाई माळणीच्या भरतीच्या कागदावर 'गाठ' होतं. आळसाने मी तेच वहीत उतरवलं. बावीस वर्षांपूर्वी तिला दिवस गेले, पण बाळंतपण झालंच नाही. लेकरू पोटातच आहे, असं ती सांगायची आणि गाव हसायचं. मीही हसलो होतो, गाढवासारखा.

मग साहेबांचा अहवाल वाचला. 'गाठ गर्भाशयाबाहेर, दगडासारखी कठीण. पुसल्यावर छातीशी दुमडलेले गुडघे दिसले. उजवी मूठ मिटलेली, बोटं पाच.'

हे पोटात घेऊन ही बाई बावीस वर्षं डोक्यावर वांग्यांची पाटी वाहत होती!

छापील यादीत याला नाव नव्हतं. मी 'गाठ' खोडून 'पोटात दगड झालेलं मूल' असं लिहिलं आणि तिच्या खाटेपाशी गेलो.

"काय लिवलं जी?"

"लेकरू."

ती रडली नाही. "बोटं होती काय त्याले?"

"पाचही. साहेबांनी लिहिलंय."

"मंग तो कागद घेऊन हिवरखेडले चाला," ती म्हणाली. "पारावर उभं राहून वाचा."