ऐकण्याचा रकाना

संघमित्राने प्रगतिपुस्तक उलटं फिरवून टीचरपुढे सरकवलं आणि 'ऐकणे' या रकान्यातल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचा, आणि मराठीत सांगा."

माधुरी टीचर सवयीने हसल्या. "बघा मम्मा, अपूर्वा रिस्पॉन्सिव्ह लिसनिंगच्या जर्नीवर आहे. तिला थोडं स्कॅफोल्डिंग लागेल, बस."

"मी तुमची मम्मा नाही, टीचर. आणि स्कॅफोल्डिंग म्हणजे परांची. आमच्या बिल्डिंगला लागलीये सध्या. चार वर्षांच्या पोरीला कुठे बांधणार?"

दाराबाहेर थांबलेल्या आयांपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि हे 'कन्सॉलिडेशन इयर'! तिला वरच्या वर्गात घेणार नाही, एवढंच ना? मग लिहा की तसं! लाज वाटते का?"

टीचर उठल्या. दार लोटून परत आल्या, त्या समोर न बसता शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"आम्हाला 'नाही' लिहायची परवानगी नाही हो. 'कमी' लिहिलं तरी वरून कागद परत येतो. शब्दांची यादी दिलीये, त्यातलेच वापरायचे."

"मग तोंडाने सांगा."

टीचरनी आधी दाराकडे बघून घेतलं. "मागून हाक मारली तर वळत नाही ती. समोर गेलं की सगळं नीट करते. कान तपासून घ्या तिचे. मला जूनपासून वाटतंय."

"जूनपासून? मार्च चाललाय आता!"

"दोन्ही वेळा लिहिलं होतं मी."

संघमित्राने पानं मागे उलटली. ऑगस्ट. डिसेंबर. शब्द न् शब्द तीच ओळ, आणि दोन्हीकडे खाली तिची सही, इंग्रजीत, वळणदार. डिसेंबरात ती याच खोलीत होती. रांगेतली पुढची आई टीचरच्या इंग्रजीला "एक्झॅक्टली" म्हणाली होती. आपली पाळी आल्यावर संघमित्राही तेच म्हणाली होती.

प्रगतिपुस्तक तिने टेबलावरच ठेवलं.

मुलुंडचं ऊन खाली आवारात चढलं होतं. अपूर्वा वाळूपाशी पाठमोरी बसली होती, चमच्याने खड्डा करत. संघमित्रा तिच्यापासून चार पावलांवर थांबली.

"अपूर्वा."

गेटवरचा वॉचमन वळला.

"अपूर्वा!"

घसरगुंडीवरची सगळी मुलं वळून बघायला लागली.